सवलत एका पुस्तकात, बस दुसऱ्या पुस्तकात : तिकिटाच्या पैशांचा हिशेब विधिमंडळात नेमका कोण तपासतो?

लकडीपूल_पश्चिम (धागाकर्ता)

स्वारगेटला उभं राहिलं की तीन सरकारं दिसतात. एसटीनं साताऱ्याला निघालेल्या बाईंना अर्धं तिकीट. त्याच बाई पीएमपीनं, म्हणजे पुण्याच्या शहर बसनं, कात्रजला निघाल्या तर पूर्ण तिकीट. आणि जमिनीखाली मेट्रोत शिरल्या तर तिथला हिशेब तिसराच. विद्यार्थ्याला ३० टक्के सवलत, पण बाई म्हणून काही नाही.

कारण सगळ्यांना माहीत आहे. एसटीतली ५० टक्के सवलत राज्य सरकारची, १७ मार्च २०२३ पासून. ७५ वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून, तोही राज्याचाच. पीएमपीचे मालक दोन महापालिका, त्यामुळे तिथं राज्याची ही योजना लागू नाही.

मला विचारायचंय ते पुढचं. एसटीला या सवलतीची प्रतिपूर्ती, म्हणजे बुडालेल्या भाड्याची भरपाई, सरकार देतं, ती अर्थसंकल्पात कोणत्या पानावर असते? विधिमंडळात ती कोण तपासतं? आणि सवलत दिली पण बसच आली नाही, तर हा प्रश्न कोणत्या समितीपुढं जातो? योजना चांगली की वाईट यावर इथं आधीच चार धागे आहेत, ते तिकडंच राहू देत. इथं पानं, लेखाशीर्षं, कलमं सांगा.

---

दप्तरदार

अर्थमंत्र्यांचं भाषण बाजूला ठेवा. उघडायचे ते विभागवार अर्थसंकल्पीय अंदाजांचे खंड. प्रत्येक विभागाला एक अक्षर असतं आणि त्याखाली मागणी क्रमांक (मागणी म्हणजे विभागानं सभागृहाकडं मागितलेला खर्च). गृह विभाग ‘बी’, नगरविकास ‘एफ’, सामाजिक न्याय ‘एन’, महिला व बालविकास ‘एक्स’. परिवहन गृह विभागात, म्हणजे ‘बी’मध्ये येतं. एसटीच्या सवलतीचे पैसे लोक ‘एक्स’मध्ये शोधतात, कारण योजनेच्या नावात ‘महिला’ आहे. तिथं ते सापडत नाहीत.

मग चार अंकी प्रधान शीर्ष. पहिला आकडा सगळ्यात कामाचा. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली, ६ किंवा ७ असेल तर कर्ज. म्हणून ३०५५ हे रस्ता परिवहन, ५०५५ म्हणजे त्यावरचा भांडवली खर्च, आणि ७०५५ म्हणजे रस्ता परिवहनासाठी दिलेलं कर्ज. बातमीत ‘सरकारनं एसटीला अमुक कोटी दिले’ एवढंच येतं. ते ३०५५ मधून गेले की ७०५५ मधून, हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. प्रतिपूर्ती हा एसटीचा हक्क आहे, कर्ज फेडावं लागतं.

शेवटी स्तंभ. २०२५-२६ च्या पुस्तकात चार असतात : २०२३-२४ ची प्रत्यक्ष रक्कम, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. नेहमीची चूक म्हणजे अंदाजाची तुलना अंदाजाशी करणं. सवलतीसारख्या, मागणीवर चालणाऱ्या खर्चात पहिला आणि दुसरा स्तंभ शेजारी ठेवून बघा. दरवर्षी अंदाज कमी आणि प्रत्यक्ष रक्कम जास्त असेल तर ती चूक नसते, सवय असते. वर्षाच्या सुरुवातीला आकडा लहान दाखवायचा आणि उरलेलं वर्षाच्या मधे पुरवणी मागणीत आणायचं.

---

सहा_नंबर

पुरवणी मागणी सभागृहात येतेच ना? मग चर्चा होतेच की.

---

दप्तरदार

येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ खाली येते. पण कशी येते ते बघा. सगळ्या विभागांच्या पुरवणी मागण्या एका गठ्ठ्यात मांडल्या जातात, चर्चेला दोन-तीन दिवस मिळतात, आणि वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकत्र मतास टाकल्या जातात. लोकसभेतही हेच, तिथं त्याला गिलोटिन म्हणतात. फरक असा, की लोकसभेत निदान वार्षिक मागण्या सभागृहात चर्चेला येण्याआधी विभागवार स्थायी समित्या त्या वाचतात. या समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. सचिवांना समोर बसवून ‘गेल्या वर्षी मागितलेले खर्च का झाले नाहीत’ हे तिथं विचारलं जातं.

कपात सूचनांचा उल्लेख कोणी करेल म्हणून आधीच सांगतो. लोकसभेत त्या तीन प्रकारच्या : धोरण अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणा, काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कमी करा, आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर १०० रुपये कमी करा. बसच्या तक्रारीला शेवटची. ती मंजूर होत नाही, व्हावी अशी अपेक्षाही नसते. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, एवढाच तिचा उपयोग.

---

आकडेमोड

पानं झाली, आता गणित. ‘सवलतीमुळे एसटी तोट्यात’ आणि ‘सवलतीमुळे एसटी तरली’ ही दोन्ही वाक्यं एकाच आठवड्यात ऐकू येतात. खालचे आकडे फक्त समजण्यापुरते घेतले आहेत.

४० किमीची एक फेरी. पूर्ण तिकीट ६० रुपये. बस चालवायचा खर्च किलोमीटरला ६० रुपये धरू, म्हणजे फेरीला २,४००.

सवलतीआधी १६ पुरुष आणि १२ बायका. २८ × ६० = १,६८० रुपये. फेरीला ७२० रुपयांची तूट.

सवलतीनंतर पुरुष तेवढेच, बायका २४ झाल्या. पुरुषांचे ९६०, बायकांचे २४ × ३० = ७२०. वाहकाच्या बॅगेत पुन्हा १,६८० च. वर सरकारकडून येणं ७२०. बेरीज २,४००. तूट शून्य.

म्हणजे बॅगेतली रोकड हलली नाही, बस मात्र भरली. सगळा फायदा त्या ७२० मध्ये आहे, आणि ते ७२० सरकारकडून चार महिन्यांनी आले तर डिझेलवाला थांबत नाही, पगार थांबतात. त्यामुळे समितीनं ‘किती दिले’ याच्या आधी ‘कोणत्या महिन्याचे कोणत्या महिन्यात दिले’ हे विचारायला हवं. हे कळतं शासन निर्णयांवरून. निधी वितरणाच्या प्रत्येक शासन निर्णयात महिना आणि रक्कम लिहिलेली असते. एक तक्ता करा : एका रकान्यात सवलतीचा महिना, दुसऱ्यात निर्णयाची तारीख, तिसऱ्यात मधले दिवस.

आता बिघाड कुठं होतो. प्रतिपूर्ती तिकिटावर अवलंबून असेल तर तिकीट मशीनमधली नोंद हाच पुरावा. सवलतीचा प्रकार चुकीचा दाबला गेला तर खरा प्रवासी चुकीच्या खात्यात जातो. ७५ वर्षांवरच्यांचं तिकीट शून्य रुपयांचं असलं तरी ते फाडावंच लागतं, नाहीतर सरकारच्या लेखी तो प्रवास झालेलाच नाही. आणि शून्य रुपयांचं तिकीट कोणी नसताना फाडलं तर वाहकाच्या रोकडीत काही फरक पडत नाही, म्हणून ते रोखपालाला पकडता येत नाही. ते पकडता येतं भारमानावरून, म्हणजे बस किती भरली यावरून. बसच्या क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं एकाच टप्प्यात दिसली की तिथं तपासणी पथक पाठवायचं.

दिल्लीनं २९ ऑक्टोबर २०१९ ला बायकांचा प्रवास मोफत केला तेव्हा दर गुलाबी तिकिटामागं सरासरी १० रुपये धरले. हिशेबाला सोपं. पण दोन थांबे जाणारीचे १० आणि शहर ओलांडणारीचेही १०, मग संस्थेला लांबचा मार्ग चालवायला काय कारण उरतं? कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शून्य तिकिटावर प्रत्यक्ष भाड्याची नोंद होते. प्रतिपूर्तीचं सूत्र बदललं की मार्गांचं नियोजन बदलतं. हे वाक्य कुठल्याही समितीच्या अहवालात मला ठळक दिसायला हवं आहे.

---

मंजुळा_कात्रज

आकडेमोड, तुमचं गणित एसटीला बसतं. पीएमपीला बसत नाही, कारण तिथं प्रतिपूर्ती हा शब्दच मागं पडतो. तिथं ‘संचलन तूट’ असते. उत्पन्न वजा खर्च, जी काही तूट राहील त्यातले ६० टक्के पुणे महापालिका, ४० टक्के पिंपरी-चिंचवड. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून कंपनी केली तेव्हापासूनची ही वाटणी.

आता या तुटीच्या पोटात काय काय आहे ते बघा. ज्येष्ठांच्या पासातली सवलत, विद्यार्थ्यांच्या पासातली सवलत, रिकामी धावलेली बस, बंद पडलेली बस, कोंडीत जळालेलं इंधन, ठेकेदाराला दिलेलं किलोमीटरचं बिल. सगळं एका आकड्यात. त्यातला लोककल्याणाचा खर्च किती आणि कारभाराच्या ढिलाईचा किती, हे वेगळं काढताच येत नाही. नगरसेवक म्हणतो ‘पीएमपी पैसे खाते’. पीएमपी म्हणते ‘आम्ही सवलती देतो’. दोघंही खरे, आणि दोघांनाही सिद्ध करता येत नाही.

पासाचा घोळ तर वेगळाच. तिकीट प्रत्येक प्रवासाला फाटतं. पास महिन्यातून एकदा विकला जातो आणि नंतर वाहकाला नुसता दाखवला जातो. पासधारक किती वेळा चढला, कुठं उतरला, याची नोंद होत नाही. मग ‘दिवसाला दोन फेऱ्या’ असं काहीतरी गृहीत धरायचं. ज्या मार्गावर पासधारक जास्त तो मार्ग कागदावर तोट्यातला दिसतो, आणि तोट्यातला दिसला की फेऱ्या कमी होतात. सगळ्यात भरलेली बस पहिली कापली जाते ती अशी.

१ जून २०२५ ला भाडं वाढलं, दैनंदिन पास ४० चा ७० झाला, मासिक ९०० चा १,५०० झाला. त्यानंतर किती पासधारक पुन्हा तिकिटाकडं वळले आणि किती दुचाकीकडं, हे सांगायला चढण्याची नोंद लागते.

---

सहा_नंबर

+१. आणि महापालिकेत विचारणार कोण होतं? १५ मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. आयुक्तच अंदाजपत्रक मांडायचे, तेच प्रशासक म्हणून मंजूर करायचे. कायद्यात १६ जणांची स्थायी समिती आहे ती याच कामासाठी, आणि वर्षानुवर्षं ती नव्हतीच.

---

दप्तरदार

बरोबर. फक्त एक लक्षात घ्या, मुख्य लेखापरीक्षकाचं काम त्या काळातही कायद्यानं चालूच होतं. अहवाल मांडायला समिती नसली तरी अहवाल असतो, मागता येतो.

आता मूळ प्रश्नाचं दुसरं अंग, विधिमंडळात कोण तपासतं. उत्तर ‘तीन जण, तीन तुकड्यांत’.

सवलतीची तरतूद गृह विभागाच्या मागणीत, म्हणून ती लोकलेखा समितीच्या कक्षेत. एसटी महामंडळाचं लेखापरीक्षण १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या कलम ३३ खाली कॅग करतं, आणि महामंडळाचा कारभार सार्वजनिक उपक्रम समितीपुढं जातो. उद्याचा अंदाज, काटकसर, पर्यायी धोरण हा विषय अंदाज समितीचा. पैसे देणारा एका खोलीत, घेणारा दुसऱ्या खोलीत. पीएमपी या तिन्ही खोल्यांच्या बाहेर, महापालिकेच्या ओसरीवर.

बहुतेकांना लोकलेखा समिती हीच मोठी वाटते. संसदेत तिचा मान आहेच, २२ सदस्य, १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा. पण ती झालेला खर्च बघते. मंजुरीपेक्षा जास्त झाला का, ज्या कामाला दिला त्याच कामाला गेला का. ‘सवलतीऐवजी जादा बस का घेतल्या नाहीत’ हा प्रश्न धोरणाचा, तिथं तो अडतो. अंदाज समितीला मात्र पर्यायी धोरण सुचवायची मुभा लोकसभेच्या नियमांतच दिलेली आहे. बस आणि सवलत एका टेबलावर आणायची असेल तर दार तेच, आणि तिकडं कोणी फिरकत नाही.

---

वाहतूकवेडा

उशिरा आलो. नियोजनाची बाजू कोणीच घेतली नाही, ती घेतो.

बसची संख्या हा एक आकडा नसतो. मंजूर बस, आलेली बस आणि आज सकाळी मार्गावर असलेली बस असे तीन आकडे असतात. संसदेत उत्तर पहिल्याचं मिळतं, पत्रकार परिषद दुसऱ्याची होते, थांब्यावरच्या माणसाला तिसराच भेटतो. पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाली : १०,००० बस, एकूण ५७,६१३ कोटी, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. पैसे केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाचे. त्याआधी पुण्याला फेम या विजेवरच्या वाहनांच्या अनुदान योजनेतून ई-बस मिळाल्या, ते पैसे अवजड उद्योग मंत्रालयाचे. एकच आगार, एकच चार्जर, पण संसदेच्या दोन वेगळ्या स्थायी समित्या.

ठेक्याच्या बसला पैसे किलोमीटरवर मिळतात. करारात हमी किलोमीटर असतात. कोंडीमुळे बस तेवढी धावलीच नाही, तर न धावलेल्या किलोमीटरचं काय करायचं हे करारातल्या एका कलमावर असतं. ते कलम वाचल्याशिवाय तूट वाचू नका. आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर वेगळे मागा. आगार शहराच्या एका टोकाला आणि मार्ग दुसऱ्या टोकाला असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ पैसे नुसते चाकाखाली जातात. त्याचा सवलतीशी काडीचा संबंध नाही, पण तुटीत बसतो तिच्याच शेजारी.

मेट्रोचंही तसंच. पहिला टप्पा डिसेंबर २०१६ मध्ये ११,४२० कोटींना मंजूर झाला. २०१७ चं मेट्रो धोरण त्यानंतरचं. त्यात सर्वंकष वाहतूक आराखडा, पर्यायांचा अभ्यास, १४ टक्के आर्थिक परतावा आणि पूरक बससेवा या अटी आल्या. पूरक बस चालवायची कोणी? पीएमपीनं. तिची तूट कोणाची? ६०-४०. मेट्रोच्या अहवालात ती तूट शून्य दिसते. २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं देशभरातल्या मेट्रोंचा आढावा घेतला, त्यात प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा कमी आणि शेवटच्या टप्प्याची जोडणी अपुरी हे स्पष्ट लिहिलं आहे. वनाज ते रामवाडी, पिंपरी ते स्वारगेट, कुठल्याही स्थानकाबाहेर उभं राहून तपासून बघा.

---

मंजुळा_कात्रज

अवांतर : स्वारगेटला मेट्रोतून वर आल्यावर पीएमपीचा थांबा शोधणं हा स्वतंत्र प्रवास आहे, त्यालाही सवलत हवी.

---

सहा_नंबर

सगळं पटलं. पण एक शंका. लाडकी बहीण योजनेला २०२४ मध्ये वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं सांगितलं गेलं, २०२५-२६ ला ३६,००० कोटींची तरतूद झाली. त्या डोंगरापुढं एसटीच्या तिकिटाचा हिशेब कोणती समिती काढत बसणार?

---

दप्तरदार

म्हणूनच काढावा लागतो. मोठ्या योजनेत तपासायचं ते पात्रता आणि वाटप : २१ ते ६५ वय, अडीच लाखांच्या आत उत्पन्न, महिना १,५०० खात्यात. ते एका यादीत मावतं. पण पैसे एकाच अक्षरात मावले नाहीत. २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाच्या तरतुदीतून निधी वळवल्यावरून वाद झाला तो याचमुळे. नुसतं ‘एक्स’ वाचणाऱ्याला तो भाग दिसलाच नसता.

आणि त्याचा बसवर परिणाम होतो. महसुली खर्च फुगला की पहिली कात्री ५ ने सुरू होणाऱ्या शीर्षांना लागते. नवी बस पुढं ढकलली तर कोणी मोर्चा काढत नाही. ३०५५ चा आणि ५०५५ चा सुधारित अंदाज एकाच कागदावर लिहून बघा, म्हणजे सवलत वाढताना बसखरेदीचं काय झालं ते कळेल.

अजून एक जागा : मार्चमध्ये काढून स्वीय प्रपंजी लेख्यात (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात असलेल्या खात्यात) ठेवलेले पैसे. पुस्तकात ते ‘खर्च झाले’, खात्यात पडून. उपयोगिता प्रमाणपत्र मागितलं की उघडं पडतं.

---

लकडीपूल_पश्चिम

मला हवं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं. माहिती अधिकारात अर्ज टाकतोय पीएमपीकडं. मसुदा असा : ‘मागील बारा महिन्यांतील आगारनिहाय नियोजित किलोमीटर, प्रत्यक्ष किलोमीटर, रद्द किलोमीटर कारणांसह, तसेच याच कालावधीतील सवलतीच्या पासांची प्रकारनिहाय संख्या व त्यापोटी महापालिकांकडून मिळालेली रक्कम.’ काही सुटलंय का?

---

आकडेमोड

‘कारणांसह’च्या पुढं ‘बस नादुरुस्त, चालक-वाहक अनुपस्थित, कोंडी, इतर’ असं लिहा, नाहीतर सगळं ‘तांत्रिक कारण’ म्हणून येईल. स्वमालकीच्या आणि ठेक्याच्या बस वेगळ्या मागा. आणि छापील पानं नकोत, संगणकीय फाइल हवी असं लिहा. पानाला २ रुपये लागतात ते सोडा, छापलेल्या आकड्यांची बेरीज करत बसावं लागतं.

---

दप्तरदार

मसुदा असाच गेला तर कदाचित पहिल्याच विषयाचं उत्तर येईल. राज्याच्या २०१२ च्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. रद्द किलोमीटर हा वाहतूक शाखेचा विषय, पास आणि रक्कम हा लेखा शाखेचा. ‘दोन विषय’ असा शेरा मारायला तिथं फार वेळ लागत नाही. अर्ज वेगळे करा, प्रत्येकाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

---

लकडीपूल_पश्चिम

म्हणजे बस एका अर्जात आणि सवलत दुसऱ्या अर्जात.

बरं. दोन्हीत कालावधी आणि आगारांचा क्रम सारखाच ठेवतो. उत्तरं आली की शेजारी ठेवून इथंच टाकतो.